वन्यजीव छायाचित्रण व चित्रपटनिर्मितीचे शिक्षण

वन्यजीव छायाचित्रण व चित्रपटनिर्मितीचे शिक्षण म्हणजे वन्य प्राणी, पक्षी, कीटक, वनस्पती आणि त्यांचे अधिवास यांचे स्थिर छायाचित्रण व चलच्चित्रण करण्याचे पद्धतशीर शिक्षण होय. या विषयात प्राणिशास्त्र व परिसरशास्त्र ही निसर्गविज्ञाने एका बाजूला, तर छायाचित्रण, ध्वनिमुद्रण, संकलन व कथनकला या माध्यमविद्या दुसऱ्या बाजूला असतात. ब्रिटन, अमेरिका व न्यूझीलंड या देशांतील काही विद्यापीठांत या विषयाचे स्वतंत्र पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. भारतात या क्षेत्रात नावारूपाला आलेल्या बहुतेक व्यक्तींनी चित्रपट, जनसंवाद किंवा प्राणिशास्त्र यांपैकी एका विषयाचे औपचारिक शिक्षण घेतले आणि दुसरी बाजू प्रत्यक्ष रानात शिकून घेतली. महाराष्ट्रात चित्रपटविद्येची प्रमुख संस्था पुण्यात, तर निसर्गाभ्यासाची सर्वांत जुनी संस्था मुंबईत आहे. त्यामुळे या विषयाची दोन्ही अंगे राज्यात उपलब्ध असली, तरी ती एकत्र जुळवण्याचे काम बहुधा विद्यार्थ्यालाच करावे लागते.

संज्ञा व व्याप्ती

‘वन्यजीव छायाचित्रण’ ही संज्ञा सामान्यतः स्थिर चित्रांसाठी वापरली जाते. ‘वन्यजीव चित्रपट’ किंवा ‘वन्यजीव माहितीपट’ या संज्ञेत चलच्चित्रण, ध्वनी, निवेदन व संकलन यांचा समावेश होतो. प्राणिसंग्रहालयातील, पाळीव किंवा प्रशिक्षित प्राण्यांची चित्रे या संज्ञेत सहसा धरली जात नाहीत. तशी चित्रे वापरल्यास तसे स्पष्ट नमूद करणे हा या क्षेत्रातील सर्वमान्य संकेत आहे.

संशोधनासाठी वापरले जाणारे स्वयंचलित कॅमेरे, म्हणजेच कॅमेरा ट्रॅप, हेही या विषयाचे एक अंग आहे. प्राणी समोरून गेल्यावर त्याची हालचाल व शरीराची उष्णता ओळखून हा कॅमेरा आपोआप चित्र टिपतो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांतून सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकाची वेगळी असल्याने अशा छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो.

इतिहास

जागतिक पार्श्वभूमी

निसर्गछायाचित्रणाचा आरंभ स्वशिक्षित व्यक्तींनी केला. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र घेतले. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा तयार करून त्यात बसून छायाचित्रे घेण्याचा प्रयोग केला. लपण वापरून छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे हे एक आद्य उदाहरण मानले जाते. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी रात्री प्रकाशझोताच्या साहाय्याने घेतलेली प्राण्यांची छायाचित्रे ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने १९०६ मध्ये प्रसिद्ध केली.

१९५७ मध्ये ब्रिस्टल येथे बीबीसीचा निसर्गेतिहास विभाग स्थापन झाला. १९७९ च्या ‘लाइफ ऑन अर्थ’ या मालिकेनंतर वन्यजीव माहितीपटाला जगभर प्रेक्षक मिळाला. १९८२ पासून ब्रिस्टलमध्ये वाइल्डस्क्रीन हा महोत्सव भरू लागला. त्यातील पांडा पुरस्कारांना ‘हरित ऑस्कर’ असे म्हटले जाते. ब्रिस्टल हे या व्यवसायाचे केंद्र बनल्यामुळे पुढे तेथील विद्यापीठीय शिक्षणही याच व्यवसायाशी जोडले गेले.

भारत

भारतात कॅमेरा जंगलात प्रथम गेला तो मुख्यतः शिकारीच्या सोबतीने. हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी संस्थानिक व इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारींची छायाचित्रे घेतली. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचे १९०२ मध्ये हैदराबाद संस्थानातील शिकारीनंतर मृत वाघासोबत घेतलेले छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी मात्र जिवंत वाघाचे चित्र टिपण्याचा ध्यास घेतला. वाटेवर ताणलेल्या तारेला वाघाचा पाय लागताच कॅमेरा चालू होईल अशी योजना त्यांनी केली. अशा छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेण्याचा विचार भारतात रुजवण्यात चॅम्पियन, जिम कॉर्बेट आणि मद्रासचे एम. कृष्णन यांचा मोठा वाटा आहे.

चलच्चित्राच्या बाबतीत भारतातील निसर्गचित्रणाचा आरंभ एका मराठी माणसाकडे जातो. दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी चित्रपटाचे तंत्र समजून घेतले व कॅमेरा विकत आणला. कथापट करण्यापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ दाखवणारा एक छोटा चित्रपट तयार केला. तो ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जातो. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करण्यास या चित्रपटाची मदत झाली. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात, ते तंत्र यात वापरलेले दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली व माहितीपटांना शासकीय आश्रय मिळाला. १९६० मध्ये केंद्र शासनाने पुण्यातील प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत चित्रपटविद्येची संस्था सुरू केली. हीच पुढे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, म्हणजे एफटीआयआय, या नावाने प्रसिद्ध झाली. या संस्थेत शिकलेले नरेश बेदी हे भारतीय वन्यजीव चित्रपटांच्या आद्य निर्मात्यांपैकी एक होत. गंगेतील सुसरींवरील ‘द गँजेस घडियाल’ या त्यांच्या चित्रपटाला १९८४ मध्ये वाइल्डस्क्रीन महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले.

परदेशातील विद्यापीठीय अभ्यासक्रम

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड ही संस्था वन्यजीव चित्रपटनिर्मितीची पदव्युत्तर पदवी देते. हा अभ्यासक्रम बीबीसीच्या निसर्गेतिहास विभागाच्या सहकार्याने आखण्यात आला. सॅलफर्ड विद्यापीठात वन्यजीव माहितीपटनिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कॉर्नवॉलमधील फालमाउथ विद्यापीठाने सागरी व निसर्गेतिहास छायाचित्रण या विषयात पदवी अभ्यासक्रम उभा केला, तर कंब्रिया विद्यापीठाने वन्यजीव माध्यम या विषयात.

अमेरिकेतील माँटाना राज्य विद्यापीठाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी विज्ञान व निसर्गेतिहास चित्रपटनिर्मितीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. विज्ञानाच्या पदवीधरांना चित्रपटनिर्माते बनवणे हा त्यामागील मूळ विचार होता. चित्रपट शिकलेल्याला विज्ञान शिकवावे की विज्ञान शिकलेल्याला चित्रपट, या जुन्या वादात या विद्यापीठाने दुसरी बाजू घेतली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात विज्ञानसंवाद केंद्राच्या अंतर्गत हा विषय शिकवला गेला. हे विद्यापीठ ज्या ड्युनेडिन शहरात आहे, तेथेच न्यूझीलंडच्या दूरचित्रवाणीचा निसर्गेतिहास विभाग वाढला. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठात क्रिस पामर यांनी पर्यावरण चित्रपटनिर्मितीचे केंद्र स्थापन केले. वन्यजीव चित्रपटांतील बनावट दृश्यांविषयी त्यांनी स्वतःच्या अनुभवासह स्पष्टपणे लिहिले आहे.

अभ्यासक्रमाचा आशय

संस्था कोणतीही असली तरी या विषयाच्या शिक्षणात पुढील घटक सामान्यतः आढळतात.

प्राणिवर्तन: कॅमेऱ्याचा उपयोग करण्यापूर्वी प्राणी केव्हा, कोठे व का येतो, हे कळावे लागते. खंड्या पक्षी पाण्यावरील ठरावीक फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, काळविटांचा कळप वाऱ्याची दिशा पाहून चरतो, बिळाजवळची खोकड सायंकाळी प्रथम कान बाहेर काढते. अशा निरीक्षणांवर चित्रणाची जागा व वेळ ठरते. त्यामुळे नोंदवही हे या विषयाचे पहिले साधन मानले जाते.

छायाचित्रणाचे तंत्र: छिद्र, झडपेची गती व संवेदनशीलता या तिन्हींचा मेळ घालणे हा छायाचित्रणाचा पाया आहे. उडत्या पक्ष्याचे पंख स्पष्ट दिसण्यासाठी झडप सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी अल्प काळ उघडावी लागते. उलट, वाहते पाणी किंवा रात्रीचे काजवे टिपण्यासाठी ती बराच वेळ उघडी ठेवावी लागते. प्राण्यापासून दूर राहता यावे म्हणून ४०० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगे वापरली जातात. अशा भिंगांत हाताचा किंचित कंपही मोठा होऊन दिसतो. म्हणून तिपाई किंवा शेंगदाणे, वाळू भरलेली छोटी पिशवी आधाराला घेतली जाते.

चलच्चित्रण: चित्रपट सामान्यतः सेकंदाला २४ किंवा २५ चौकटींच्या गतीने दाखवला जातो. चित्रण याहून अधिक गतीने करून नेहमीच्या गतीने दाखवल्यास हालचाल संथ दिसते. चित्रण फार कमी गतीने केल्यास कळी उमलण्यासारखी मंद क्रिया काही क्षणांत पाहता येते. एका प्रसंगासाठी दूरचे, मध्यम व जवळचे अशी वेगवेगळी दृश्ये लागतात. प्राणी ‘पुन्हा एकदा’ करून दाखवत नसल्याने ही दृश्ये अनेक दिवसांत गोळा करावी लागतात.

ध्वनी: दूरवरच्या भिंगाने प्राणी जवळ आणता येतो, आवाज आणता येत नाही. म्हणून रानातील ध्वनी पुष्कळदा स्वतंत्रपणे मुद्रित केला जातो. वन्यजीव माहितीपटांतील पावलांचे किंवा पंखांचे आवाज अनेकदा ध्वनिकक्षात तयार केलेले असतात. हे कितपत योग्य आहे, हा या विषयातील चर्चेचा मुद्दा आहे.

संकलन व कथन: अनेक महिन्यांच्या चित्रणातून तासाभराचा चित्रपट घडवताना निवड करावी लागते. वेगवेगळ्या दिवशी, कधी वेगवेगळ्या प्राण्यांवर चित्रित केलेली दृश्ये एका गोष्टीत जोडली जातात. त्यामुळे वास्तवाशी प्रामाणिक राहून कथा सांगणे हा या घटकाचा गाभा ठरतो. निवेदनाची भाषा प्राण्याला मानवी भावना चिकटवते का, याचेही परीक्षण केले जाते.

क्षेत्रकार्य: लपण उभारणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला बसणे, पायवाट न मोडणे, वनरक्षक व स्थानिक गुराखी यांच्याशी बोलून माहिती मिळवणे, साप व उष्माघात यांपासून बचाव करणे, दिवसाअखेरीस चित्रणाच्या दोन प्रती जतन करणे या गोष्टी वर्गात सांगता येतात, पण अंगवळणी रानातच पडतात.

भारतातील शिक्षणसंस्था

माध्यमशिक्षणाच्या अंगाने पुण्याची एफटीआयआय, कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामिया विद्यापीठातील जनसंवाद संशोधन केंद्र या संस्था प्रमुख आहेत. दिल्लीतील घारी व त्यांची शुश्रूषा करणाऱ्या भावांवरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटाचे दिग्दर्शक शौनक सेन हे जामियाच्या याच केंद्राचे विद्यार्थी होत. या चित्रपटाला २०२२ मध्ये सनडान्स व कान या दोन्ही महोत्सवांत पुरस्कार मिळाले.

विज्ञानाच्या अंगाने डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्र व संवर्धन या विषयाची पदव्युत्तर पदवी घेता येते. या अभ्यासक्रमांचा उद्देश संशोधक घडवणे हा आहे. तथापि वन्यजीव चित्रपटासाठी आवश्यक असलेली निरीक्षणाची शिस्त त्यांतून मिळते.

विद्यापीठाबाहेरील प्रशिक्षणाचे उल्लेखनीय उदाहरण आसाममधील तेजपूर येथे आहे. चित्रपटनिर्मात्या रीता बॅनर्जी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘ग्रीन हब’ या उपक्रमात ईशान्य भारतातील तरुणांना शिष्यवृत्ती देऊन वन्यजीव व पर्यावरणविषयक चित्रपटनिर्मिती शिकवली जाते. प्रशिक्षणार्थींनी आपापल्या गावांविषयी व जंगलांविषयी चित्रपट करावेत, अशी त्यामागील कल्पना आहे.

महाराष्ट्रातील शिक्षण

एफटीआयआयमध्ये दिग्दर्शन, चलच्चित्रण, संकलन, ध्वनी इत्यादी विषयांचे पदव्युत्तर स्तरावरील शिक्षण दिले जाते. कोणत्याही शाखेचा पदवीधर लेखी प्रवेशपरीक्षा व पुढील चाचण्या देऊन दिग्दर्शन किंवा चलच्चित्रणासाठी प्रयत्न करू शकतो. २०२५ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात शैक्षणिक चित्रफिती तयार करणारे बहुमाध्यम संशोधन केंद्र आहे. सिम्बायोसिस विद्यापीठात दृश्यकला व छायाचित्रणाचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा कलापदवीचा भाग म्हणून शिकवला जातो. मुंबई विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांत जनसंवादाचा पदवी अभ्यासक्रम आहे. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांनी याच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात जनमाध्यमांचे शिक्षण घेतले. भंडारदऱ्याच्या परिसरात टिपलेल्या काजव्यांच्या त्यांच्या छायाचित्राची लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०२० मध्ये विशेष दखल घेण्यात आली.

निसर्गविज्ञानाच्या बाजूला १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, अर्थात बीएनएचएस, ही अग्रगण्य संस्था आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे कार्य याच संस्थेतून घडले. पक्षी, फुलपाखरे, वनस्पती इत्यादी विषयांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम ती चालवते. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयाचे, तर भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

मुंबईतील गोरेगाव येथे बीएनएचएसचे संवर्धन शिक्षण केंद्र आणि दादासाहेब फाळके चित्रनगरी एकमेकांना लागून आहेत व दोन्हींच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. निसर्गशिक्षण, चित्रपट व बिबट्यांचे जंगल एका भिंतीच्या अंतरावर असण्याचे असे उदाहरण विरळा आहे. या उद्यानाशी संबंधित एक संशोधनकथा मराठी पडद्यावरही आली. २००९ मध्ये विहिरीतून सोडवून माळशेज घाटात मुक्त केलेला, गळ्यात संवेदक पट्टा असलेला एक बिबट्या चालत मुंबईच्या या उद्यानापर्यंत पोहोचला. विद्या अत्रेय यांच्या या अभ्यासावर आधारित ‘आजोबा’ हा सुजय डहाके दिग्दर्शित कथापट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला.

मराठवाडा

मराठवाड्यात हा विषय स्वतंत्रपणे शिकण्याऐवजी विद्यार्थी जवळच्या विषयांतून त्याकडे वळतात. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, तर नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे नांदेड विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्याच्या परिसरात माध्यमशास्त्र व जीवशास्त्र अशी दोन्ही संकुले आहेत. लातूर जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील देवणी, उदगीर या तालुक्यांतील विद्यार्थ्यांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते. तेथील जवाहरलाल नेहरू वास्तुकला व ललित कला विद्यापीठात छायाचित्रणाची कलापदवी घेता येते.

या प्रदेशाचा निसर्गाभ्यासाशी जुना संबंध आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. त्याचे निष्कर्ष बीएनएचएसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अलीकडच्या काळात छत्रपती संभाजीनगरचे बैजू पाटील यांनी वन्यजीव छायाचित्रणात नाव मिळवले आहे.

चित्रणाच्या दृष्टीने मराठवाड्याचे वैशिष्ट्य म्हणजे माळराने व जलाशय. देवणी हे नाव देशभर ठाऊक आहे ते तेथील काळ्या-पांढऱ्या गोवंशामुळे. परंतु ही गुरे ज्या माळांवर चरतात, तेच माळ काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल आणि हिवाळी पाहुणे असलेले भोवत्या पक्षी यांचेही घर आहे. सरकारी दफ्तरात यातील बरीच जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते आणि वनीकरण, कारखाने किंवा शेतीखाली जाते. घनदाट जंगलाच्या तुलनेत माळरानाचे चित्रण कमी झाले असल्याने सर्वसामान्यांना त्याचे महत्त्व पटवणे कठीण जाते. पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. तेथे हिवाळ्यात रोहित व अनेक प्रकारची बदके येतात. याशिवाय गौताळा औट्रमघाट, बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर, धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट आणि नांदेड-यवतमाळच्या सीमेवरील पैनगंगा ही अभयारण्ये या विभागात मोडतात.

कॅमेरा ट्रॅपचे महत्त्व मराठवाड्यात अलीकडे दोनदा दिसून आले. २०२१ मध्ये गौताळ्यात आणि २०२४ च्या अखेरीस येडशीत वन विभागाच्या कॅमेऱ्यांनी वाघ टिपला. दोन्ही वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरकडून शेकडो किलोमीटर चालून आले होते. पट्ट्यांच्या जुळणीवरून त्यांचे मूळ ठिकाण सांगता आले.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो त्यांत छायाचित्रणाचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचा उल्लेख आला आणि अधिवासात कोणताही बदल न करण्याची व वन्यजीवांवर प्रतिकूल परिणाम न होऊ देण्याची अट घालण्यात आली. याच अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. पक्ष्यांच्या वा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना बाधा आणणे हेही तीत मोडते. म्हणजे उत्तम चित्रासाठी घरट्याभोवतालच्या फांद्या छाटणारा छायाचित्रकार कायद्याच्या दृष्टीने शिकाऱ्याच्या रांगेत येऊ शकतो. ड्रोनच्या वापरासाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू असून संरक्षित क्षेत्रात वन विभागाची परवानगीही आवश्यक असते.

नीतिविषयक प्रश्न

या शिक्षणात नीतीला मिळालेले महत्त्व अनेक प्रकरणांतून आले आहे. डिस्नेच्या १९५८ मधील ‘व्हाइट वाइल्डरनेस’ या ऑस्करविजेत्या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःहून उड्या घेत असल्याचे दाखवले होते. ते प्राणी मुद्दाम आणून ढकलण्यात आले होते, हे कॅनडातील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमाने १९८२ मध्ये उघड केले. तोवर ‘सामूहिक आत्महत्या करणारा प्राणी’ ही खोटी समजूत जगभर पसरली होती. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ चे विजेते छायाचित्र, त्यातील लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष निघाल्याने, २०१० मध्ये बाद करण्यात आले. २०१८ मध्ये आणखी एक पुरस्कारप्राप्त छायाचित्र, त्यात पेंढा भरलेला मुंगीखाऊ वापरल्याच्या संशयावरून, अपात्र ठरवले गेले.

महाराष्ट्रातील एक घटना या संदर्भात उद्धृत केली जाते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी ‘एफ-२’ ही वाघीण व तिचे पाच बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरल्यावर वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

सामान्यतः पाळले जाणारे संकेत पुढीलप्रमाणे आहेत:

* विणीच्या काळात घरट्याचे वा बिळाचे जवळून चित्रण टाळणे. अनेक स्पर्धा व नियतकालिके घरट्यावरील पक्ष्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत.
* भक्ष्य बांधून, खाद्य टाकून किंवा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून प्राण्याला बोलावू नये.
* दुर्मीळ प्राण्यांचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करू नये. लांडग्याच्या बाबतीत हा संकेत विशेष महत्त्वाचा आहे, कारण शेळ्या-मेंढ्यांच्या नुकसानीमुळे त्याच्या बिळांवर धोका येतो.
* प्राण्याने खाणे थांबवले, कान टवकारले किंवा पिलांपासून दूर गेला, तर छायाचित्रकाराने मागे सरावे.
* बंदिस्त प्राण्याचे चित्र असल्यास तसे लिहावे.

या सर्वांचा मथितार्थ असा की, चित्र न घेता परत येण्याची तयारी ही या विद्येतील पहिली पात्रता मानली जाते.

समाजावरील परिणाम

वन्यजीव चित्रपटाने धोरण बदलल्याचे ठळक भारतीय उदाहरण म्हणजे माइक पांडे यांचा २००० मधील ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’. गुजरातच्या किनाऱ्यावर होणारी देवमाशाएवढ्या अजस्र व्हेल शार्कची कत्तल त्यात दाखवली होती. त्यानंतर २००१ मध्ये या माशाला वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. असे संरक्षण मिळालेला हा भारतातील पहिला मासा होय. तमिळनाडूतील हत्तींची पिले व त्यांचा सांभाळ करणारे आदिवासी जोडपे यांवरील कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या लघुमाहितीपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले.

मर्यादा व अडचणी

या शिक्षणाचा सर्वांत मोठा अडथळा खर्चाचा आहे. लांब पल्ल्याचे एक दर्जेदार भिंगच काही लाख रुपयांचे असते. व्याघ्रप्रकल्पांतील सफारी, निवास व कॅमेऱ्याचे शुल्क यांमुळे सराव करणेही महाग ठरते. परदेशी विद्यापीठांचे शुल्क बहुतेक मराठी कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मात्र तिच्यासाठी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या आत असावे लागते. वन्यजीव चित्रपटनिर्मिती शिकवणारी ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठे व्यवसायात नावाजलेली असली तरी त्या क्रमवारीत बरीच खाली आहेत. त्यामुळे ज्या ठिकाणी हा विषय उत्तम शिकवला जातो, ती ठिकाणे या मार्गाने गाठणे कठीण होते.

दुसरी अडचण भाषेची आहे. पाठ्यसाहित्य बव्हंशी इंग्रजीत आहे. पक्षी, प्राणी व वनस्पती यांची मराठी नावे आणि रानातील शब्दसंपदा मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून व त्यांच्या ‘पक्षिकोश’ या ग्रंथातून उपलब्ध झाली. पण छायाचित्रणतंत्र व निसर्गनिरीक्षण यांची सांगड घालणारे पाठ्यपुस्तकाच्या स्वरूपाचे मराठी लेखन त्या मानाने अल्प आहे.

तिसरा आक्षेप विषयांच्या निवडीवर आहे. वाघ, बिबट्या व हत्ती यांच्यावरच कॅमेरे रोखले जातात आणि माळरान, पाणथळ जागा, कीटक व सरपटणारे प्राणी दुर्लक्षित राहतात, असे अभ्यासक सांगतात. साध्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने गावालगतच्या माळावर, तळ्यावर किंवा शेताच्या बांधावर वर्षभर एकाच जागेचे चित्रण करणे हा या तिन्ही अडचणींवरील एक उपाय मानला जातो. फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाला कुंडीएवढीच जागा लागली होती.

हे सुद्धा पहा

* दादासाहेब फाळके
* भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था
* बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी
* सालिम अली
* मारुती चितमपल्ली
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* जायकवाडी पक्षी अभयारण्य
* देवणी